भाषणातली सम

गेल्या पावसाळ्यात आमच्या लष्करातल्या एका शाळेने मला वक्तृत्वस्पर्धेसाठी परीक्षक म्हणून बोलावले. "गाणे शिकवणाऱ्याला भाषणातले काय कळणार?" असे मी म्हणून पाहिले. पण "आवाजाची पारख तर तुम्हांलाच आहे" एवढे म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी माझे तोंड बंद केले. विषय होता 'माझे शहर आणि मी'. वीस-बावीस मुले बोलली. त्यांपैकी दोघांचीच भाषणे आज माझ्या लक्षात आहेत.

एक मुलगा दहावीतला. आवाज खणखणीत, नजर धीट. त्याने इतिहास आणला, वीरपुरुष आणले, दोन श्लोक आणि चार शेर आणले आणि शेवटी मूठ उंचावून अशी आरोळी ठोकली, की सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले. त्याच्या मागोमाग नववीतली एक मुलगी आली. ती आपल्या गल्लीतल्या नळाविषयी बोलली. नळ किती वाजता येतो, किती मिनिटे चालतो, तेवढ्या वेळात किती बादल्या भरतात आणि गल्लीत घरे किती, हे तिने महिनाभर स्वतः वहीत मांडून ठेवले होते. ज्या दिवशी पाणी येत नाही त्या दिवशी त्या गल्लीतल्या किती मुली शाळेत उशिरा पोचतात, तेही तिने नोंदले होते. एवढे सांगून ती थांबली. भाषण संपले आहे हे कुणालाच उमगले नाही. ती नमस्कार करून पायऱ्या उतरू लागली तेव्हा कुठे चार-दोन टाळ्या पडल्या.

आम्ही तिघा परीक्षकांनी पहिला क्रमांक मुलाला दिला. मुलीला उत्तेजनार्थसुद्धा काही मिळाले नाही. समारंभ आटोपल्यावर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सर, माझे काय चुकले?" मी म्हणालो, "आवाज जरा वाढव." ती 'बरं' म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी हा प्रकार मी आमच्या विद्यालयातल्या तबल्याच्या ज्येष्ठ शिक्षकांना सांगितला. त्यांनी सुपारी कातरता कातरता एकच वाक्य उच्चारले, "तुम्ही तयारी ऐकलीत, राग ऐकला नाहीत."

ते वाक्य मला लागले. त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर म्हणजे हा लेख. पण तो तिच्यापुरता नाही. आम्ही तिघांनी त्या दिवशी जे केले तेच आपण सारे दर निवडणुकीला करीत असतो. ज्याची आरोळी मोठी त्याला टाळी, आणि ज्याच्या वहीत हिशेब आहे त्याला 'आवाज वाढव' हा सल्ला!

अलंकार वाईट नव्हे

आमच्या वडिलांचा जन्म संस्थानी काळातला. तरुणपणी ते दरबारी गायक होते. 1948 साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, दरबार उठला आणि त्यांनी उरलेले आयुष्य शिकवण्या करून काढले. मी त्यांचे उतारवयातले धाकटे अपत्य. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, तो त्यांच्या गोष्टींतून ऐकला. ते म्हणत, "दाद मागून घ्यायची नसते. ऐकणाऱ्याच्या तोंडून ती आपसूक निघेल अशी जागा करून ठेवायची असते." भाषणातल्या अलंकारांविषयी मला जे काही म्हणायचे आहे त्याचे सार या दोन वाक्यांत आहे.

गंमत अशी, की 'अलंकार' हा शब्द साहित्यातही आहे आणि गाण्यातही आहे. साहित्यात तो शेवटी चढवायचा दागिना समजला जातो. गाण्यात मात्र तो अगदी पहिला धडा असतो. पोर पेटीपाशी येऊन बसले की आधी सा-रे-ग, रे-ग-म हे पलटेच घोटायचे. म्हणजे आमच्याकडे अलंकार हा दागिना नसून गळ्याचे व्यायाम होय. भाषणाचेही तसेच आहे असे मला वाटते. तिहेरी रचना, विरोध, पुनरुक्ती, प्रश्न, दृष्टांत आणि विराम यांवाचून दहा माणसांसमोर पाच मिनिटे धड बोलता येणार नाही. अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगून ठेवले, की श्रोत्याचे मन तीन गोष्टींनी वळते: वक्त्याच्या शीलाने, श्रोत्याच्या भावनेने आणि विषयातल्या युक्तिवादाने. अलंकार या तिन्हींची वाहतूक करतो. वाहनाला दोष देण्यात अर्थ नाही. आत माल काय भरला आहे ते पाहावे.

तिहाई

तबल्यावर एकच बोल तीनदा वाजवून समेवर येतात, त्याला आपण तिहाई म्हणतो. पहिल्यांदा ऐकणारा सावध होतो, दुसऱ्यांदा त्याला मोजमाप कळते, तिसऱ्यांदा तो वादकाच्या बरोबरच समेवर पोचतो आणि त्याची मान हलते. भाषणातली टाळी नेमकी अशीच पडते.

हे नुसते माझे सोनाराने कान टोचणे नव्हे. मॅक्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज अभ्यासकाने ब्रिटिश पुढाऱ्यांची मुद्रित भाषणे बारकाईने ऐकून 1984 साली एक पुस्तक लिहिले. टाळी कोणत्या शब्दावर सुरू होते एवढेच तो मुख्यतः पाहत होता. त्याला आढळले, की तीन गोष्टींची माळ आणि दोन गोष्टींचा विरोध या दोन रचना टाळीला हमखास आमंत्रण देतात. पुढे 1986 साली हेरिटेज आणि ग्रेटबॅच या दोघांनी पक्ष-अधिवेशनांतली 476 भाषणे तपासली आणि बहुतांश टाळ्या अशाच मोजक्या रचनांपाठोपाठ पडतात, असे दाखवून दिले. कारण सोपे आहे. हजार माणसांनी एकाच क्षणी टाळी द्यायची तर तो क्षण त्यांना आधी दिसला पाहिजे. एकट्याने टाळी वाजवायला माणूस लाजतो. तिहेरी रचना त्याला सांगते, 'ही पाहा सम आली, आता सर्वांनी मिळून.'

आपल्याकडचे उदाहरण घ्या. लालबहादूर शास्त्रींनी 1965 साली 'जय जवान, जय किसान' ही घोषणा दिली. 1998 साली पोखरणच्या अणुचाचणीनंतर अटलबिहारी वाजपेयींनी तिला 'जय विज्ञान' हे तिसरे पद जोडले. शास्त्रींची घोषणा दोन पदांची, तरी ती भक्कम उभी राहिली. कारण त्या वर्षी देशाला युद्ध आणि अन्नाची टंचाई या दोनच चिंता खरोखर होत्या. जवान आणि किसान ही दोन पदे त्या दोन चिंतांची उत्तरे होती. तिसरे पद जोडले गेले तेव्हा घोषणेला तिहाईचा तोल आला आणि एका नव्या सामर्थ्याची नोंदही झाली. आता कसोटी पाहा. तिन्ही पदे वेगवेगळी आहेत का? आहेत. एक पद काढले तर काही उणे होते का? होते. तेव्हा ही खरी तिहाई. उलट 'आम्ही विकास करू, प्रगती करू, उन्नती करू' असे कुणी म्हटले, तर त्याने एकच रिकामी बादली तीनदा वाजवली, एवढेच समजावे.

विरोध

दुसरा अलंकार विरोधाचा. दोन टोके समोरासमोर ठेवायची आणि श्रोत्याला मधल्या फटीत उभे करायचे. त्याची दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

25 नोव्हेंबर 1949 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनासमितीत शेवटचे मोठे भाषण करण्यास उभे राहिले. या भाषणातला विरोध पुष्कळांना ठाऊक आहे. 26 जानेवारी 1950 पासून राजकारणात आपण समान होऊ, प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच मोल. पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील. ही विसंगती आपण किती काळ चालू देणार, असा त्यांचा सवाल होता. भक्तीविषयीचाही असाच विरोध त्यांनी मांडला. धर्मात भक्ती मोक्षाकडे नेऊ शकेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय.

परंतु हा विरोध येण्यापूर्वी बाबासाहेबांनी काय केले, हे फारसे कुणी सांगत नाही. त्यांनी आकडे दिले. घटनासमितीला 2 वर्षे 11 महिने 17 दिवस लागले. मसुद्यावर सुमारे 7,635 दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. उशीर झाला अशी टीका होती, म्हणून त्यांनी इतर देशांचा हिशेब मांडला: अमेरिकेला चार महिने, कॅनडाला दोन वर्षे पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष. आणि लगेच हेही सांगितले, की अमेरिकेच्या राज्यघटनेत कलमे सात, आपल्या घटनेत 395. आमच्या ग्वाल्हेरच्या गायकीत आधी अस्ताई-अंतरा नीट भरून रागाचे रूप समोर उभे करतात, मग बोलताना आणि ताना. बाबासाहेबांचे भाषण या शिस्तीचे आहे. आकड्यांनी आधी विश्वास बसतो, मग विरोध येतो, आणि तो आला म्हणजे टाळीपेक्षा शांतता अधिक पसरते.

आता दुसरे उदाहरण. 1971 च्या लोकसभा निवडणुकीत विरोधी पक्षांनी एकजूट करून इंदिरा गांधींना हटवण्याची घोषणा दिली. इंदिराजींचे उत्तर सर्वांना पाठ आहे: ते म्हणतात इंदिरेला हटवा, मी म्हणते गरिबी हटवा. अलंकार म्हणून याला तोड नाही. क्रियापद एक, कर्म बदलले, आणि सारी बाजू पालटली. त्यांच्या पक्षाला 352 जागा मिळाल्या. त्या केवळ एका वाक्याने मिळाल्या असे कुणी म्हणणार नाही. पण वाक्याने आपले काम केले खास.

आता कसोटी लावू. या विरोधातली दोन टोके खरोखर एकमेकांच्या विरुद्ध आहेत काय? बाबासाहेबांच्या विरोधात आहेत. मत सारखे आणि ताट निराळे, ही गोष्ट कुणालाही गावात फिरून पडताळून पाहता येते. 1971 च्या वाक्यात मात्र दोन टोके परस्परविरोधी नाहीत. इंदिराजी राहिल्या तर गरिबी जाईल आणि त्या गेल्या तर गरिबी राहील, हे त्या वाक्याने सिद्ध केले नाही. ते श्रोत्याने स्वतःच्या मनात जुळवून घेतले. गरिबी जावी हे कुणाला नको होते? प्रश्न होता ती कशी जाणार हा, आणि त्या प्रश्नाला वाक्यात जागा नव्हती. इथे मी कोणत्याही पक्षाची बाजू मांडीत नाही. अशी वाक्ये प्रत्येक पक्षाने घडवली आहेत आणि पुढेही घडतील. माझे म्हणणे इतकेच, की वाक्य सुरेल आहे म्हणून ते खरे आहे असे समजू नये. आणि सुरेल आहे एवढ्यावरून ते खोटे आहे असेही समजू नये.

पुनरुक्ती

28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवरून मार्टिन ल्यूथर किंग यांनी सुमारे अडीच लाखांच्या समुदायापुढे भाषण केले. त्यातले स्वप्नाचे पालुपद जगाला माहीत आहे. आम्हां गाणाऱ्यांना त्यामागची एक गोष्ट विशेष जवळची वाटते. किंग यांच्या हातातल्या लिखित भाषणात स्वप्नाचा तो भाग नव्हता. त्या दिवशी व्यासपीठावर महेलिया जॅक्सन ही थोर गॉस्पेल गायिका होती. ती आधी गाऊनही झाली होती. भाषण अखेरीकडे येत असताना तिने मागून हाक दिली, की 'मार्टिन, त्यांना ते स्वप्न सांगा', असे जवळ असलेल्यांनी नमूद केले आहे. किंग यांनी कागद बाजूला सारला आणि ते बोलू लागले. मैफलीत साथीदाराने नेमक्या क्षणी 'वाहवा' म्हणावे आणि गवयाला जागा सुचावी, तसाच हा प्रसंग. अर्थात ती जागा आभाळातून पडली नव्हती. स्वप्नाचा तो भाग किंग यांनी आधी इतर सभांतून बोलून घोटलेला होता. त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉइटला तो झाला होता. उत्स्फूर्त दिसते त्याच्या मागे रियाझ असतो, हे आमच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो.

पण पुन्हा तीच खंत. स्वप्न सर्वांना आठवते, त्याच्या आधीचा धनादेश कुणाला आठवत नाही. त्या भाषणाच्या पूर्वार्धात किंग यांनी एक रोखठोक रूपक मांडले. अमेरिकेच्या संस्थापकांनी समानतेचे वचन लिहून दिले ते जणू एक वचनचिठ्ठी होती. काळ्या नागरिकांच्या बाबतीत मात्र तो धनादेश 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' म्हणून परत आला, आणि आम्ही आज तो वटवायला आलो आहोत, असा त्याचा आशय होता. गुलामीमुक्तीच्या 1863 च्या जाहीरनाम्याला शंभर वर्षे झाली होती, हा त्याचा आधार. मागणी धनादेशात होती, स्वप्न ही त्या मागणीची सम होती. पुढे 1964 साली नागरी हक्कांचा आणि 1965 साली मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. कायदे अनेकांच्या दीर्घ झगड्याने होतात, एका भाषणाने नव्हे. पण मागणीवाचून नुसते स्वप्न असते, तर कायद्यात लिहिण्यासारखे काय उरले असते? पुनरुक्तीची कसोटी ही, की पालुपद काढून ठेवल्यावर खाली काही मागणी, काही विधान शिल्लक राहते की नाही.

दम

आता आमच्या गावच्या माणसाकडे येतो. अटलबिहारी वाजपेयी हे ग्वाल्हेरचे, शिंदे की छावनीचे. इथल्याच व्हिक्टोरिया कॉलेजात ते शिकले. त्यांच्या राजकारणाविषयी या शहरात दोन मते आहेत. 1984 साली याच शहराने त्यांना माधवराव शिंद्यांसमोर पराभूतही केले. परंतु त्यांच्या विरामाविषयी दोन मते मी ऐकली नाहीत. ते वाक्याच्या मध्येच थांबत. श्रोता पुढचा शब्द मनात शोधू लागे, आणि मग तो शब्द येई, बहुधा अपेक्षेपेक्षा वेगळा.

तबल्यात दोन प्रकारच्या तिहाया असतात. पदांमध्ये थांबा नसला तर बेदम, थांबा असला तर दमदार. हा 'दम' म्हणजे रिकामी जागा नव्हे. तो मोजलेला असतो. वादक तिथे हात उचलतो, पण मात्रा चालूच असतात आणि त्या ऐकणारा मोजत असतो. वाजपेयींची थांबण्याची रीत अशी दमदार होती.

मे 1996 मधले त्यांचे विश्वासदर्शक ठरावावरचे भाषण अनेकांनी दूरदर्शनवर प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्या पक्षाला 161 जागा होत्या, बहुमत जुळत नव्हते, सरकार तेरा दिवसांचे ठरले. सरकारे येतील-जातील, पक्ष बनतील-मोडतील, पण हा देश राहिला पाहिजे आणि त्याची लोकशाही राहिली पाहिजे, हा त्या भाषणाचा गाभा. रचना पाहिली तर यात विरोध आहे, चढती श्रेणी आहे आणि दमही आहे. पण मला त्यातली खरी सम वेगळीच वाटते. 28 मे रोजी भाषणाच्या अखेरीस त्यांनी सांगितले, की मी राष्ट्रपतींकडे राजीनामा द्यायला निघालो आहे. आणि ते खरोखर गेले. 'सरकारे जातील' या वाक्याची किंमत बोलणाऱ्याने स्वतः त्याच दिवशी मोजली. भाषणाने सभागृहातले एकही मत त्यांच्याकडे वळले नाही. तरी ते भाषण टिकले, कारण शब्द आणि कृती एका समेवर आली. अ‍ॅरिस्टॉटलने म्हटलेले वक्त्याचे शील ते हेच.

समेविना तिहाई

आता आजचे पाहा. पूर्वी भाषण ऐकायचे तर मैदानावर जाऊन दोन तास बसावे लागे. आज ते आपल्याकडे येते, तेही चाळीस सेकंदांच्या तुकड्यात, हातातल्या फोनवर. तुकडा कापणारा काय उचलतो? टाळीची जागा. म्हणजे आवर्तन बाजूला टाकून फक्त तिहाई. आम्ही शिकवताना सांगतो, की सम ही आवर्तनामुळे सम असते. सोळा मात्रांचा प्रवास झाला नसेल तर ती नुसतीच एक थाप. आज आपल्यापर्यंत दिवसाला अशा पन्नास थापा येतात. मराठीत या शब्दाचा दुसरा अर्थही आहे, तो वाचकांना सांगायला नको.

याचा परिणाम वक्त्यावरही झाला आहे. तुकडाच पोचणार आहे हे एकदा कळले, की तो तुकड्यासाठीच बोलू लागतो. हिशेब सांगायला वेळ लागतो, तो कुणी कापून नेत नाही. मग हिशेब कशाला सांगा? आणि विरामाचे तर मरणच. तुकडा कापणारा शांतता आधी कापतो. वाजपेयींचा दम आजच्या एखाद्या उत्साही पोराच्या हाती पडता तर त्याने तो 'मोकळी जागा' म्हणून पुसून टाकला असता.

भरीस भर म्हणून आता आवाजही विश्वासाचा राहिलेला नाही. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यातल्या मतदारांना दूरध्वनी गेले; आवाज राष्ट्राध्यक्ष बायडन यांचा, सल्ला प्राथमिक निवडणुकीत मत न देण्याचा. तो आवाज यंत्राने घडवलेला होता. पुढच्याच महिन्यात तिथल्या दळणवळण आयोगाने अशा यांत्रिक आवाजाचे दूरध्वनी बेकायदा ठरवले. आपल्याकडे त्याच सुमारास तामिळनाडूत, 2018 साली दिवंगत झालेले करुणानिधी पक्षाच्या कार्यक्रमात पडद्यावर बोलताना दिसले. तिथे ते उघड होते, फसवणूक नव्हती. पण मेलेल्या माणसाचा आवाज नवे शब्द बोलू शकतो, हे सर्वांनी पाहिले. गायकाच्या मुलाला याची धास्ती जरा जास्तच वाटते. आमच्या घरी वडिलांचे जुने ध्वनिमुद्रण आहे. उद्या कुणी त्यांच्या गळ्यातून त्यांनी कधी न गायलेला राग गाऊन दाखवला, तर तो सुरेल असेल, पण त्यामागे बसून रात्र काढलेला माणूस कुठे असेल?

म्हणून आवाजावर आणि आवेशावर जी भिस्त आपण ठेवीत आलो ती आता उचलली पाहिजे. यंत्राला आरोळी साधते, तिहाई साधते, उद्या दमही साधेल. त्याला साधणार नाही ती एकच गोष्ट: उच्चारलेल्या शब्दाची किंमत स्वतः मोजणे.

त्या मुलीला उत्तर

तेव्हा बाळ, तुझे काय चुकले? तुझे म्हणणे चुकले नाही. हिशेब खरा होता, तो तू स्वतः मांडला होतास आणि त्या नळाखाली तू स्वतः उभी राहिली होतीस. शील आणि युक्तिवाद या दोन गोष्टी तुझ्यापाशी सभागृहातल्या कुणाहीपेक्षा जास्त होत्या. तुझी उणीव एवढीच, की तू सम दाखवली नाहीस. रागाची मांडणी केलीस आणि समेवर न येताच तंबोरा खाली ठेवलास.

पुढच्या वेळी असे कर. गल्लीत किती घरे, किती बादल्या, किती मिनिटे, हे तिन्ही आकडे सुटे सुटे न सांगता ओळीने सांग आणि प्रत्येकापुढे क्षणभर थांब. ती तुझी दमदार तिहाई. मग विरोध ठेव: नळ आला त्या दिवशी वर्गात किती मुली वेळेवर होत्या, आणि नाही आला त्या दिवशी किती. या विरोधाला कुणी खोटे म्हणू शकणार नाही, कारण वही तुझ्या हातात आहे. वही वर करून दाखव. शेवटी एक प्रश्न विचार, ज्याचे उत्तर समोर बसलेल्या मोठ्या माणसांनाच द्यावे लागेल. आवाज वाढवू नकोस. मी त्या दिवशी चुकीचे सांगितले.

अलंकार हे आरोळीवाल्यांना आंदण दिलेले नाहीत. खरे बोलणाऱ्यांनी ते शिकले नाहीत, तर ते उरतात फक्त दुसऱ्यांच्या हाती. मग खरे मुकाट पायऱ्या उतरून जाते आणि आपण तिघे परीक्षक बक्षीस भलत्याला देऊन मोकळे होतो.

आणि वाचकहो, आपणांसाठीही एक विनंती. पुढच्या सभेत टाळीसाठी हात उचलले जातील, तेव्हा ते हवेत क्षणभर थांबवा. तेवढ्या एका मात्रेत स्वतःला विचारा, आत्ता ऐकले ते काय होते? तयारी, की राग? मग खुशाल टाळी द्या.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. स्पर्धा पुन्हा पावसाळ्यात होईल. मला परीक्षक म्हणून बोलावतील की नाही, सांगता येत नाही. पण श्रोता म्हणून मी मागच्या रांगेत जाऊन बसणार आहे.